मदत हवी आहे: 'पिक्चर' तो, ती की ते? आणि मुलांना आधी काय शिकवू – पिक्चर, सिनेमा की चित्रपट?

मुळा_ते_इसार

नमस्कार मंडळी. म्युनिकमध्ये आम्ही काही पालक मिळून दर शनिवारी मुलांची मराठी शाळा चालवतो. मुलं आठ ते बारा वर्षांची. घरी मराठी ऐकतात, थोडं बोलतात, वाचताना अडखळतात. पुढच्या वेळचा विषय आहे 'सुट्टीत काय केलं?' बहुतेकांनी सुट्टीत काही ना काही पाहिलेलं असणार, म्हणून दोन मुलांचा छोटा संवाद लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीला अडले.

मी लिहिलं, "आम्ही पिक्चर बघितला." सोबत शिकवणारी मैत्रीण नागपूरची, ती म्हणाली, "बघितली." मुंबईच्या एका पालकांना "बघितलं" बरं वाटतं. तिघेही मराठी माध्यमात शिकलेलो, तिघेही ठाम.

मुलांची गंमत आणखी वेगळी. त्यांना इंग्रजीतला पिक्चर, म्हणजे चित्र, तेवढाच माहीत. एकीने विचारलं, "पिक्चर बघायला तीन तास कशाला लागतात?" शिवाय जर्मनमध्ये 'कीनो'त जातात, म्हणजे त्या जागेत जातात. त्यामुळे आमची मुलं सर्रास म्हणतात, "आपण कीनोत जाऊया." त्याचं मी "थिएटरमध्ये जाऊया" केलं, पण आपण तसं बोलतो का? "चित्रपटाला जाऊया" लिहिलं तर आकाशवाणीच्या बातम्या लागल्यासारखं वाटतं.

त्यात एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी पुण्याहून निरोप धाडलाय की बाकी सगळे शब्द परके, 'चित्रपट' हा सावरकरांनी दिलेला अस्सल मराठी शब्द, तोच शिकवा. हे खरं आहे का?

शब्दकोशातले अर्थ माझ्याकडे आहेत. मला वापर हवाय. रोजच्या बोलण्यात कुठे काय म्हणता ते सांगा, जमलं तर गावासकट.

पेठकरीण

तो पिक्चर. विषय संपला. :)

बरं, संपला नाही हे माहीत आहे. पण पुण्यात मी "पिक्चर बघितली" हे फक्त हिंदी मालिका बघून बिघडलेल्या भाच्यांकडून ऐकलंय.

वऱ्हाडी_ठेचा

बिघडलेल्या म्हणू नका ताई, आम्ही असेच आहोत. :) नागपूर-अमरावतीकडे हिंदी शेजारी नाही, घरातच आहे. हिंदीत पिक्चरही 'ती' आणि फिल्मही 'ती', मग आमच्याकडे "कोणती पिक्चर लागली?" विचारलं तर कोणी वळून पाहत नाही. घरी आमची आजी तर "पिच्चर पाह्याले चाल्ले का रे?" असं विचारून लिंगाचा प्रश्नच मिटवायची.

धागाकर्तीसाठी एवढंच: छापील पानावर पुल्लिंग ठेवा. मैत्रिणीला मात्र चूक म्हणू नका.

शब्दांचा_सोस

बाहेरून आलेल्या शब्दाला मराठी स्वतःचं लिंग देते आणि ते बहुधा दोन वाटांनी ठरतं. एक म्हणजे शेवटचा आवाज. 'मूव्ही' ईकारान्त, म्हणून गाडी-वाडीच्या रांगेत बसून ती 'ती' झाली. त्यावर कुठेच वाद नाही, बघा. दुसरी वाट म्हणजे मनात त्या शब्दामागे उभा असलेला मराठी शब्द. पिक्चरच्या मागे सिनेमा, चित्रपट, खेळ हे सगळे पुल्लिंगी, म्हणून तो पिक्चर.

आता मुंबईकर पालकांचं 'पिक्चर बघितलं'. तेही हवेतून आलेलं नाही. याच शब्दाचा दुसरा वापर आठवा: "आता कुठे पिक्चर क्लिअर झालं." इथे पुणेकरसुद्धा "पिक्चर क्लिअर झाला" म्हणत नाही, कारण इथे मागे 'चित्र' उभं आहे, ते चित्र. एकच शब्द, अर्थ बदलला की लिंग बदलतं. सिनेमाच्या अर्थाने नपुंसकलिंग मीही ऐकलंय, विशेषतः "कुठलं पिक्चर?" या प्रश्नात. पण त्याच माणसाला पुढे "कसा वाटला?" असंही विचारताना ऐकलंय.

'फिल्म' मात्र सगळीकडे ती, कॅमेऱ्यात घालायची तीही आणि पडद्यावरची तीही. बोलताना हा शब्द आपण पडद्यावरच्या गोष्टीसाठी फारसा घेत नाही. घेतो तो 'फिल्मी' म्हणून, "उगाच फिल्मी वागू नकोस." तिथे सिनेमा, पिक्चर, चित्रपट यांपैकी एकही चालत नाही.

जुना_डोअरकीपर

धागा वाचला आणि राहवलं नाही. तरुणपणी सातारा जिल्ह्यात एका टॉकीजवर दारावर उभा राहायचो. नंतर ऑपरेटरच्या हाताखाली केबिनमध्ये गेलो. (मशीन चालवणाऱ्याला आम्ही ऑपरेटरच म्हणायचो.) त्यामुळे माझं मत धंद्यातलं समजा.

बाई, तुम्ही नावात अडकलात. मुलांना क्रियापदं शिकवा. नाव कुठलंही घेतलं तरी खपतं, क्रियापद चुकलं की लगेच कळतं की बोलणारा बाहेरचा आहे.

पिक्चर थिएटरला लागतो. "उमा टॉकीजला कुठला लागलाय?" संपून लोक बाहेर पडतात तेव्हा तो सुटतो, शाळा सुटते तसाच. "नऊचा सुटायला बारा वाजतात" हे वाक्य परक्या माणसाला कोडं वाटेल, पण आपल्याकडे पोरालाही कळतं. काही आठवड्यांनी तो थिएटरवरून उतरतो. लोकांनी डोक्यावर घेतला तर चालतो, नाही तर पडतो, फारच वाईट असेल तर आपटतो. कॉलेजची पोरं "चल, एक पिक्चर टाकू" म्हणतात. आणि जो बनवतो तो पिक्चर काढतो. फाळक्यांनी सिनेमा काढला, दादा कोंडक्यांनी सिनेमे काढले. 'निर्मिती केली' हे फलकावर.

काढण्यावरून आठवलं. चित्र काढणं, फोटो काढणं आणि पिक्चर काढणं ही तीन वेगवेगळी कामं, क्रियापद एकच. तुमच्या मुलांना 'पिक्चर' म्हणजे चित्र वाटत असेल, तर "त्याने पिक्चर काढला" हे वाक्य शेवटी ठेवा, आधी ठेवलंत तर सगळे रंगपेटी उघडतील.

जागेचं म्हणाल, तर आपण जागेत जात नाही, कार्यक्रमाला जातो. लग्नाला, नाटकाला, कीर्तनाला, पिक्चरला. तुमच्या कीनोचं मराठी 'पिक्चरला' हेच. "थिएटरमध्ये जाऊया" म्हणजे बाहेर पाऊस पडतोय, आत जाऊन उभे राहू. जागा सांगायची तेव्हा टॉकीज किंवा थेटर. आमच्याकडे 'टाकी'ही म्हणायचे, "टाकीत नवा लागलाय." नवख्याला वाटायचं पाण्याच्या टाकीबद्दल चाललंय.

आणखी एक शब्द विसरला जातोय: खेळ. नाटकाचा प्रयोग, गाण्याची मैफल, सर्कशीचा खेळ आणि सिनेमाचाही खेळ. जाहिरातीत 'रोज तीन खेळ' छापलेलं असायचं. तीनचा, सहाचा, नऊचा. यात्रेत तंबू लागायचा, पुसेगावला, म्हसवडला, तिथे तर रात्रभर खेळ चालायचे. तंबूतल्या माणसांच्या तोंडी चित्रपट हा शब्द मी कधी ऐकला नाही. तो फलकावर असायचा, 'भव्य मराठी चित्रपट'.

हजार फुटांचं एक रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. पेट्या एस.टी.ने यायच्या. पेटी उशिरा आली की आम्ही आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लावायचो, तोही संपला की स्लाइड, आणि तरी पेटी आली नाही की पिटातून, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त जागांवरून, शिट्ट्या. पण हे अवांतर झालं.

मुळा_ते_इसार

काका, लाख धन्यवाद! 'पिक्चरला जाणे' आणि 'लागणे, सुटणे' एवढ्यावरच एक तास होईल. 'सुटणे' तर मुलांना शाळेमुळे आधीच येतंय.

सगळ्यांना: आजोबांना काय उत्तर देऊ? त्यांना दुखवायचं नाहीये, पण खोटंही शिकवायचं नाही.

पोथीवाला

आजोबांना अर्धे गुण द्या.

सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत अनेक शब्द दिले आणि सिनेमाच्या धंद्यातले बोलपट, दिग्दर्शक, मध्यंतर हे शब्द त्यांच्याच नावावर सांगितले जातात. यातला 'दिग्दर्शक' इतका मुरला की डायरेक्टर म्हणताना आता आपल्याला तो कंपनीचा वाटतो. 'चित्रपट'चं तसं नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'नवयुग' मासिकात लेखमाला लिहिली, १९१७ साली सुरू झालेली, आणि तिचं नावच 'भारतीय चित्रपट'. त्या वर्षी सावरकर अंदमानात होते. तिथून ते हिंदुस्थानात परत आले १९२१ मध्ये आणि भाषाशुद्धीचं काम उभं राहिलं त्यानंतर, रत्नागिरीत.

मुळात शब्द त्याहून फार जुना आहे, फक्त अर्थ निराळा. पट म्हणजे वस्त्र. चित्रपट म्हणजे चित्र काढलेलं कापड. विद्यारण्यांच्या 'पंचदशी' या वेदान्तावरच्या ग्रंथात, म्हणजे चौदाव्या शतकात, 'चित्रदीप' नावाचं प्रकरण आहे आणि ते सुरूच होतं चित्रपटाच्या चार अवस्थांपासून: आधी कापड धुतलेलं, मग खळ लावून घोटलेलं, मग रेखाटलेलं, मग रंगवलेलं. परमात्म्याच्याही तशाच चार अवस्था, असं पुढे सांगायचं आहे. पांढऱ्या कापडावर जग उमटतं आणि कापड मात्र कोरंच असतं, हे वेदान्त्यांनी सिनेमा यायच्या पाचशे वर्षं आधी दृष्टान्ताला घेतलं होतं. त्यामुळे १८९६ च्या ७ जुलैला वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी मुंबईला हलती चित्रं दाखवली, तेव्हा पडदाही कापडाचा आणि त्यावर चित्र, शब्द जणू वाट बघत होता. पुढे तो कोणीतरी उचलला इतकंच.

आता खरी गंमत 'पट' या शेपटाची. हिंदीने 'चलचित्र' केलं, कन्नडने 'चलनचित्र', म्हणजे दोघांनी हालचाल धरली. आपण कापड धरलं आणि त्याचा फायदा झाला, कारण 'पट' कशालाही जोडता येतो. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' मूकपट. १९३१ ला 'आलम आरा' आला आणि १९३२ ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा', तेव्हापासून बोलपट. मग माहितीपट, अनुबोधपट, लघुपट, भयपट, रहस्यपट, चरित्रपट, तमाशापट. समीक्षक रोज नवा पट विणतात. यातला बोलपट तेवढा गेला, सगळेच बोलायला लागल्यावर वेगळं सांगायचं काय उरलं? मूकपट राहिला, कारण तो वेगळा होता. इंग्रजांच्या 'टॉकीज'चं मात्र आपण काहीच्या बाही केलं, बोलणारे सिनेमे सोडून ती इमारतीला चिकटवली. पुण्यात अलका टॉकीजचा चौक, कोल्हापुरात उमा टॉकीजचा.

तेव्हा आजोबांना सांगा, शब्द अस्सल आहे, सावरकरांच्याही आधीचा आहे, आणि बाकीचे परके आहेत म्हणून वाळीत टाकण्याइतके परके राहिलेले नाहीत. 'सिनेमा' ल्युमिएरांच्या यंत्राच्या नावातून निघाला. त्या नावाच्या मुळाशी हालचालीला असलेला ग्रीक शब्द आहे. तुमच्या जर्मनांचा 'कीनो' त्याच मुळातला. मुलांना हे आवडेल, सिनेमा आणि कीनो सख्खे चुलत भाऊ.

कुडाळकर

कापडावरून आठवलं. आमच्या पिंगुळीत ठाकर समाजातले कलाकार चित्रकथी सादर करतात. एकेक चित्र पुढे धरायचं, गाणं म्हणायचं, रामायण-महाभारतातली कथा सांगायची. पण ती चित्रं कागदावरची असतात आणि त्या गठ्ठ्याला 'पोथी' म्हणतात, पट नाही. तेव्हा 'सिनेमा चित्रकथीतून आला' असं कोणी छातीठोक सांगितलं तर हळूच सोडून द्या. मुलांना मात्र दाखवा, चित्रं हलत नाहीत तरी रंगतात.

बोलीत म्हणाल तर आमच्याकडे "शिनेमा बघूक जावया". पिक्चर तालुक्याला, शिनेमा घरी.

ठाण्याची_स्टुडंट

हॅलो, माझं वय एकोणीस आणि मी कोणाच्याच बाजूने नाही. माझ्या ग्रुपमध्ये "मूव्हीला जायचं?" असंच म्हणतात. पिक्चर आई-बाबा म्हणतात. "सिनेमा" म्हणणारा मुलगा भेटला की तो फेस्टिवलला जातो हे कळतं. :D

शब्दांचा_सोस

@ठाण्याची_स्टुडंट, हे निरीक्षण पक्कं आहे. सिनेमा हा शब्द दोन टोकांना राहिलाय. एका टोकाला गावाकडची शिनेमावाली आजी, दुसऱ्या टोकाला "मला सिनेमा या माध्यमाविषयी बोलायचंय" म्हणणारे. तिथे पिक्चर बसत नाही. "जागतिक पिक्चर" म्हणून पाहा बरं. मधला सगळा प्रदेश पिक्चरचा होता, तो आता मूव्ही खातेय. पण तुम्हीसुद्धा "मूव्ही कुठे लागलीय?" असंच विचारता ना?

ठाण्याची_स्टुडंट

हो! "लागलीय." आणि पडलेल्या मूव्हीला "पडली" म्हणतो. काकांचा मुद्दा बरोबर आहे, नाव बदललं तरी लागणं-पडणं तेच राहिलं.

मुळा_ते_इसार

सगळं वाचून संवाद नव्याने लिहिलाय. तपासून द्याल?

रिया: रविवारी कुठे गेला होतास?
अर्णव: पिक्चरला.
रिया: कुठला पिक्चर?
अर्णव: नवीन कार्टूनचा. आमच्या घराजवळ लागलाय.
रिया: कसा होता?
अर्णव: मस्त! पण खूप मोठा. सुटायला संध्याकाळ झाली.
रिया: आम्हीपण पुढच्या आठवड्यात चित्रपट बघायला जाणार आहोत.

पेठकरीण

छान उतरलाय. दोन गोष्टी. "कसा होता?" चुकीचं नाही, पण पिक्चर अजून लागलेला असताना आपण "कसा आहे?" विचारतो, कारण विचारणाऱ्याला जायचं की नाही ते ठरवायचं असतं. रियाला जायचंच आहे, म्हणजे "कसा आहे?" हवं.

आणि शेवटची ओळ. वरती पिक्चर-पिक्चर करणारी रिया अचानक चित्रपट कशी म्हणेल? तिथे नावच नको. "आम्हीपण जाणार आहोत पुढच्या आठवड्यात." संपलं.

मुळा_ते_इसार

पटलं. पण मग 'चित्रपट' शब्द पानावर येणारच नाही, आणि मोठे झाल्यावर वर्तमानपत्रात त्यांना तोच दिसणार. आजोबाही आहेतच.

जुना_डोअरकीपर

त्याला जागा द्या, संवादात कोंबू नका. संवादाखाली शाळेची सूचना छापा, चौकट करून. फलकावरचा शब्द फलकावरच शोभतो. म्हणजे मुलांना आपोआप कळेल की सूचनेत 'चित्रपट' वाचायचा आणि घरी जाऊन "आई, शाळेत पिक्चर आहे" असं सांगायचं. तसा एक प्रश्नच घाला खाली: ही सूचना वाचून तू आईला काय सांगशील?

मुळा_ते_इसार

हे फारच आवडलं. लिहिलं: "सूचना: शनिवारी शाळेत मराठी बालचित्रपट दाखवण्यात येईल. चित्रपटाचा कालावधी दीड तास. मध्यंतरात खाऊ मिळेल."

आजोबांसाठी मध्यंतर मुद्दाम घातलंय. :) आता खरोखरच एखादा बालचित्रपट शोधावा लागणार, त्यासाठी वेगळा धागा काढते.

पोथीवाला

'दाखवण्यात येईल'ऐवजी 'दाखवणार आहोत' करा, आणि 'कालावधी' काढून नुसतं 'चित्रपट दीड तासाचा आहे' लिहा. आठ वर्षांच्या पोराला एका चौकटीत एक जड शब्द पुरे, आणि तो आजोबांचा असू द्या.